प्रभूने आतापर्यंत सांभाळलं ते लक्षात कसं ठेवायचं

जय ख्रिस्त सगळ्यांना.

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या मिस्टरांची नोकरी गेली. सोळा वर्षं एकाच ठिकाणी काढली होती आणि एका गुरुवारी दुपारी चारलाच घरी आले, खांद्यावर लॅपटॉपची बॅग नाही, तेव्हाच कळलं. त्या रात्री मी प्रार्थनेला बसले तर तोंडातून शब्दच फुटेना. दर रविवारी चर्चमध्ये प्रभू विश्वासू आहे म्हणणारी मी, पण त्या रात्री कुणी समोर बसून विचारलं असतं ना, की कधी, कशात, एक तरी प्रसंग सांग बरं, तर मला धड एक सांगता आला नसता. त्याने काही केलं नव्हतं असं नाही हो, मीच विसरले होते.

दोन आठवड्यांनी आईकडे नगरला गेले. माळ्यावरून गाद्या काढताना सुतळीने बांधलेली एक गुंडाळी खाली आली, मला वाटलं रद्दी आहे, सोडली तर आमच्या स्वयंपाकघरातली जुनी, बायबलच्या वचनांची कॅलेंडरं, 1993 पासूनची. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब, दीड लिटर, दीड लिटर, खाडा, सिलेंडर लावला त्या दिवशी खूण, आणि मधेच बारीक अक्षरात, "फीचे झाले. प्रभू धन्य." एका ठिकाणी, "ह्यांचा अडकलेला पगार आला. आज पीठ संपले होते." अजून एका ठिकाणी, "छोटीचा ताप उतरला, रात्री 3." छोटी म्हणजे मी. मी शिडीवर बसूनच वाचत राहिले आणि आई खालून ओरडतेय की गाद्या टाक ना आधी.

तेव्हापासून आमच्या घरात एक वही आहे. ती कशी ठेवायची, अडचणीत कशी वापरायची आणि मी कुठे कुठे चुकले ते सगळं इथे लिहितेय, कारण आमच्या प्रार्थना सभेत दोघीतिघींनी विचारलं की तू नेमकं करतेस काय, आणि उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाहीये.

आधी टोपल्यांचं

वही विकत आणण्याआधी बायबलमधला मार्कचा 8वा अध्याय वाचा, 14व्या ओवीपासून 21 पर्यंत, पाच मिनिटांचं काम आहे. शिष्य होडीत आहेत, भाकरी घ्यायला विसरलेत, होडीत एकच आहे, आणि त्यावरून त्यांची आपसात कुजबुज चाललीये. येशू त्यांना विचारतो, पाच हजार लोकांसाठी पाच भाकरी मोडल्या तेव्हा किती टोपल्या भरून तुकडे उचलले? ते म्हणतात बारा. आणि चार हजारांसाठी सात मोडल्या तेव्हा? सात. दोन्ही उत्तरं बरोबर! तरी तो म्हणतो, अजून तुम्हाला समजत नाही का?

मी इतकी वर्षं हा भाग वाचत होते आणि मला वाटायचं की शिष्य विसरले होते. विसरले कुठे, आकडे तोंडपाठ होते त्यांचे. फक्त त्या आकड्यावरून पुढचं गणित त्यांनी केलं नव्हतं, की ज्याने बारा टोपल्या उरवल्या तो आत्ता याच होडीत आपल्या शेजारी बसलाय, मग एका भाकरीचं काय घेऊन बसलोय आपण. आपलंही हेच होतं. साक्ष सांगताना, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगताना, सगळं आठवतं, आणि सोमवारी बँकेचा मेसेज आला की पोटात गोळा येतो, जणू ती साक्ष दुसऱ्याच कुणाची होती.

म्हणून आमच्या वहीत प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ असते, "म्हणून आता". ती ओळ नसेल तर नोंद अर्धी, असं मी मुलांनाही सांगते. ही ओळच या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे माझ्या मते, बाकी वही कुठली, पेन कुठलं, रोज लिहायचं की आठवड्याने, ते तुमच्या सोयीने करा.

नोंद कशी करायची

साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाईलमध्ये नका लिहू असं मी सांगेन, मी आधी मोबाईलमध्येच लिहिलं होतं आणि फोन बदलला तेव्हा लिहिलेलं सगळं गेलं, शिवाय मोबाईलमधलं घरातल्या बाकीच्यांना कधी दिसत नाही. वही डायनिंग टेबलच्या जवळ असली की कुणीही उचलतं, वाचतं.

लिहिताना तारीख टाका, मग गरज काय होती ते स्पष्ट, मग भीती काय वाटत होती, मग कशी प्रार्थना केली, कुठलं वचन धरलं होतं, आणि मग काय झालं, कुणाच्या हातून झालं. उदाहरण म्हणून आमची एक नोंद देते, मिस्टरांना विचारून:

"14 ऑगस्ट. घराचा हप्ता 3 दिवसांवर, खात्यात 6,200 कमी. भीती ही की बँकेचा फोन मुलांसमोर येईल. मंगळवारी रात्री दोघांनी प्रार्थना केली, स्तोत्र 37. आज दुपारी ह्यांच्या जुन्या मित्राने दोन वर्षांपूर्वी उसने नेलेले 8,000 परत केले, आम्ही मागितले नव्हते. म्हणून आता: सप्टेंबरच्या हप्त्यासाठी आजपासून रडायचं नाही, मागायचं."

भीती लिहायला लोक कचरतात, मी पण कचरत होते, वाटायचं की भीती लिहिली म्हणजे विश्वास कमी दिसेल. पण भीती लिहिली नाही तर सहा महिन्यांनी वाचताना ती नोंद अगदी पुळचट वाटते, मित्राने पैसे दिले, बरं, त्यात काय मोठं. तो हप्ता केवढा डोंगर वाटत होता ते तिथे असायला हवं, तर डोंगर कुणी हलवला ते कळतं. आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, स्तोत्र 77 बघा. आसाफाचं स्तोत्र आहे, पहिल्या नऊ ओव्या नुसती तक्रार, झोप नाही, बोलवत नाही, देव आम्हाला कायमचा टाकून देईल का, त्याची दया संपली का, तो कृपा करायला विसरला का, इतकं उघड विचारलंय त्याने. आणि 10व्या-11व्या ओवीला तो वळतो, मी परमेश्वराची कृत्यं आठवीन म्हणतो, आणि मग समुद्रातून वाट काढली तिथपर्यंत जातो. तक्रार आणि आठवण एकाच स्तोत्रात, एकाच पानावर. तक्रार खोडून टाकून उरलेलंच स्तोत्र ठेवलं असतं तर माझ्यासारखीला काय उपयोग होता त्याचा?

लहान गोष्टी लिहायच्या का, हे सगळ्याच विचारतात. हो. फक्त प्रत्येक रिक्षा वेळेवर मिळाली की चमत्कार असं नका करू, त्याने वही भरते आणि मग कुणी वाचत नाही. मी स्वतःला एक विचारते, यासाठी मी खरंच प्रार्थना केली होती का किंवा करायला हवी होती का? उत्तर हो असेल तर लिहिते.

मागचं कसं शोधायचं

वही कोरी घेऊन बसलात की पहिला त्रास हाच होतो, काही आठवतच नाही. नुसतं डोळे मिटून बसून आठवणार पण नाही. कपाटातली ती फाईल काढा. बँकेचं जुनं पासबुक, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, शाळेच्या फीच्या पावत्या, घरभाड्याचा करारनामा, लग्नाचा अल्बम. एक एक कागद हातात घ्या आणि विचारा, हा कागद आला तेव्हा आपण कुठल्या हालतीत होतो आणि त्यातून बाहेर कसे आलो. आम्ही एका शनिवारी संध्याकाळी बसलो आणि रात्री साडेअकरापर्यंत बावीस नोंदी झाल्या, मुलगा म्हणतो मम्मी हे मला माहीतच नव्हतं की माझ्या जन्माच्या वेळी तुम्हाला रक्त मिळत नव्हतं. पंधरा वर्षांचा आहे तो, आणि त्याच्या स्वतःच्या जन्माची साक्ष आम्ही त्याला कधी सांगितली नव्हती. मला फार लागलं ते.

मोठ्या माणसांना विचारा, आणि लवकर विचारा. आत्या, मावशी, आजोबा, जे कुणी आहेत ते. आमच्या आत्याकडे असं असं आहे की तीन वह्या भरतील आणि ती आता 81 ची आहे.

आणि जे घडलं नाही ते पण शोधा, हे जरा अवघड आहे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की देवाने 40 वर्षं रानात तुम्हाला चालवलं ती सगळी वाट आठवा, मान्ना म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न आठवा, आणि मग मधेच म्हणतो, या 40 वर्षांत तुमच्या अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि तुमचे पाय सुजले नाहीत. विचार करा, पाय सुजले नाहीत हे कोण लक्षात ठेवतं? सुजले असते तर रोज आठवलं असतं. असं आपल्या घरात काय काय न फाटता राहिलंय, न सुजता राहिलंय. एवढ्या ताणाच्या वर्षात आमच्या दोघांत अबोला झाला नाही, मुलीची शाळा सुटली नाही, मिस्टरांना जुनी सवय परत लागली नाही. तिन्ही वहीत आहेत.

दुसऱ्यांच्या वह्या

तुम्ही विश्वासात नवीन असाल, घरात तुम्ही एकटेच असाल, मागे सांगण्यासारखं काही नसेल, तर दुसऱ्याची आठवण उसनी घ्यायला काही हरकत नाही. यासाठी मला पंडिता रमाबाईंचं नेहमी आठवतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर म्हणून एक पाळक होते, 1836 मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं आणि आयुष्यभरात दहा हजारांवर मुलं सांभाळली. लोकांपुढे हात पसरायचे नाहीत, गरज फक्त देवाला सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि ते लिहून ठेवायचे, कुठल्या दिवशी काय नव्हतं, काय मागितलं, किती आलं, आणि ते छापूनही काढायचे, की दुसऱ्यांना देवावर भरवसा ठेवायला धीर यावा.

ते इकडे रमाबाईंनी वाचलं. स्वतःच्या साक्षीत त्यांनी सांगितलंय की म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवर काम करणारे जॉन पेटन यांच्याबद्दल वाचून त्यांच्या मनात आलं, तिकडे देवावर असा भरवसा ठेवता येतो तर आपल्या हिंदुस्थानात का नाही ठेवता येणार. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण गमावली होती, उपाशी राहणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली, बालविधवा घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. पुणे-दौंड लोकलने गेलात तर केडगाव स्टेशन लागतं, आजही तिथे काम चालू आहे. ब्रिस्टलमधल्या एका माणसाने आपला रोजचा हिशोब लिहून ठेवला आणि त्याचा धीर केडगावात पोचला. मला नोंद करायचा कंटाळा येतो ना, तेव्हा मी हेच आठवते, की ही वही कोण वाचणार ते मला ठाऊक नाही.

पण सगळ्यात पहिली उसनी आठवण म्हणजे वधस्तंभ, आणि ती खरं तर उसनी पण नाही, आपलीच आहे. शिष्यांना भाकर आणि प्याला दिला त्या प्रभुभोजनाच्या वेळी येशू म्हणाला, "माझ्या स्मरणार्थ हे करा". स्मरणार्थ, म्हणजे त्याला माहीत होतं आपण विसरणार. वही एखाद्या दिवशी कोरी वाटली, सगळ्या नोंदी थोड्या थोड्या योगायोगासारख्या वाटायला लागल्या, असे दिवस येतात, मला आलेत, तेव्हा मी भाकर आणि प्याल्यापाशी जाते. तिथे योगायोग नाही. आमच्याकडे पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणून आदल्या शनिवारी रात्री आम्ही वही वाचतो, आणि ही दोन्ही एकमेकांना लावली तेव्हापासून प्रभुभोजन घाईघाईत घेतलं जात नाही.

शनिवारी वाचताना स्तोत्र 136 ची पद्धत वापरतो. 26 ओव्या आहेत, प्रत्येक ओवीचा शेवट एकच, "कारण त्याची दया सनातन आहे". जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात, मग मिसर, मग तांबडा समुद्र, मग रान, मग देश, आणि शेवटाकडे येता येता तो सगळ्या प्राण्यांना अन्न देतो इथपर्यंत, म्हणजे आकाशापासून थेट आपल्या ताटापर्यंत. आम्ही त्याच चालीवर आमच्या ओव्या म्हणतो. एकजण नोंद सांगतो, बाकी सगळे मिळून शेवट. "ज्याने 26 जुलैच्या पावसात बाबांना कमरेएवढ्या पाण्यातून घरी आणलं", "कारण त्याची दया सनातन आहे". "ज्याने आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट केलं", "कारण त्याची दया सनातन आहे". धाकटी सुरुवातीला लाजायची, आता तिच्याच ओव्या जास्त असतात.

धोंडा ठेवा, पण धोंड्याला धरून बसू नका

यहोशवाच्या 4थ्या अध्यायात यार्देन ओलांडल्यावर इस्राएल लोकांनी नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगालला उभे केले, की पुढे मुलं विचारतील हे धोंडे कसले, तेव्हा सांगता यावं. मुलं विचारतील अशी एखादी वस्तू घरात ठेवायला हरकत नाही. आमच्या टीव्हीच्या बाजूला मिस्टरांचं जुन्या कंपनीचं ओळखपत्र ठेवलंय, येणारा जाणारा विचारतोच.

पलिष्ट्यांवर विजय मिळाल्यावर शमुवेल संदेष्ट्याने मिस्पाजवळ धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर नाव दिलं, "येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे". हे आपण सगळ्यांनी उपदेशात ऐकलंय, पुष्कळ घरांच्या दारावर ते नाव पण असतं. पण 1 शमुवेलाचा 4था अध्याय उघडा, तिथे एबन-एजर हेच नाव आलंय, इस्राएल तिथे तळ देऊन होतं आणि पलिष्ट्यांनी त्यांना असं हरवलं की 30,000 माणसं पडली आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, गेला. हारलेल्या जागेचं नाव, तेच त्याने विजयाच्या धोंड्याला दिलं. म्हणून ते ओळखपत्र मी फेकू दिलं नाही. मिस्टर म्हणत होते कशाला तो काटा डोळ्यासमोर. मी म्हटलं राहू दे, या नावावर प्रभू काय लिहितो ते बघू.

पण जपा. मोशेने रानात पितळेचा साप केला होता, देवाच्याच सांगण्यावरून, आणि त्याने लोक वाचले. पुढे शेकडो वर्षांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळायला लागले आणि हिज्कीया राजाला तो फोडून टाकावा लागला, 2 राजे 18 मध्ये आहे. आठवणीची वस्तू आणि आठवणीची वही यांचं पण असं होऊ शकतं. एकीने मला विचारलं की वही उशाशी ठेवून झोपले तर चालेल का, मी म्हटलं ताई, वाचून झोपा.

याच्याशीच लागून अजून एक चूक आहे, आणि ही मी स्वतः केली. ऑगस्टचा हप्ता त्या मित्राच्या पैशाने गेला ना, तर सप्टेंबरमध्ये मी मनातल्या मनात यादी करत बसले की अजून कुणाकुणाकडे आपले उसने पैसे आहेत. मोशेचं असंच झालं होतं. निर्गम 17 मध्ये देवाने सांगितलं खडकावर काठी मार, मारली, पाणी आलं. गणना 20 मध्ये देव म्हणाला खडकाशी बोल, आणि मोशेने रागात पुन्हा काठीच मारली, दोनदा. पाणी आलं, पण तेवढ्यावरून त्याचं वचनदत्त देशात जाणं राहिलं. मागच्या वेळी पाणी कसं आलं ते त्याला पक्कं आठवत होतं, आत्ता देव काय म्हणतोय तिकडे लक्ष नव्हतं. सप्टेंबरचा हप्ता अगदी वेगळ्या वाटेने भरला गेला, मी माझ्या दोन बांगड्या मोडल्या आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, हेच त्या महिन्याचं उत्तर होतं. वाईट न वाटणं. ते पण वहीत आहे.

रात्री तीन वाजता वही कशी वाचायची

अडचण समोर उभी असते तेव्हा वही पहिल्या पानापासून वाचत बसू नका, तेवढं बळ नसतं. मी असं करते. आधी जे वाटतंय ते प्रभूला बोलून टाकते, आवाज काढून, स्वयंपाकघरात जाऊन, लाईट न लावता. मग लाईट लावून तीनच नोंदी वाचते, आणि त्या आजच्या अडचणीसारख्याच असायला पाहिजेत असं नाही. गल्याथाशी लढायला जायच्या आधी दावीद शौल राजाला काय म्हणाला, ज्या परमेश्वराने मला सिंहाच्या आणि अस्वलाच्या पंजातून सोडवलं तोच या पलिष्ट्याच्या हातून सोडवील. सिंह वेगळा, अस्वल वेगळं, गल्याथ तर त्याहून वेगळा. सोडवणारा तोच. नोंदी वाचून झाल्या की त्यांच्या "म्हणून आता" च्या ओळी पुन्हा एकदा वाचते, आणि मग आजचं मागणं एका वाक्यात मागते. एकाच वाक्यात, कारण रात्री लांबलचक प्रार्थना करायला गेलं की माझी प्रार्थना राहते बाजूला आणि काळजीच सुरू होते परत.

कधी कधी तरीही झोप येत नाही. मग स्तोत्रच वाचत बसते.

साक्ष सांगताना

प्रार्थना सभेत साक्ष द्या, वही घरात दडवून ठेवायला नाहीये. पण जे झालं तेवढंच सांगा. 6,200 कमी होते तर 6,200च सांगा, दहा हजार म्हणू नका, देवाला आपल्या फुगवण्याची गरज नाही आणि ऐकणाऱ्याचं नुकसान होतं, त्याला वाटतं आपल्या घरी असं मोठं काही होत नाही म्हणजे आपलंच काही चुकतंय. दुसऱ्या कुणाची गोष्ट त्यात येत असेल तर आधी त्याला विचारा, कुणाचं आजारपण, कुणाचं भांडण, कुणाचं कर्ज, ते आपल्या साक्षीत उघडं पाडायचा हक्क आपल्याला नाही. आणि मंडळीत त्याच गोष्टीसाठी प्रार्थना करून ज्यांना ती मिळाली नाही असं कुणी समोर बसलेलं असतं, नेहमी असतं, त्यांच्याकडे बघून बोला.

मागचं पान

हे मी शेवटी ठेवलंय कारण मला ते लिहायला जड जातं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12. येशूचा शिष्य याकोब, योहानाचा भाऊ, त्याला हेरोद राजा तलवारीने मारतो. मग पेत्राला धरतो, आणि मंडळी प्रार्थना करते, आणि देवदूत येऊन पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. एकाच अध्यायात. याकोबासाठी कुणी प्रार्थना केली नसेल असं मला नाही वाटत. आणि का एकाला नेलं, एकाला सोडवलं, याचं एका शब्दाने उत्तर तिथे दिलेलं नाही. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दोन्ही लिहिलं आणि पुढे गेला.

माझे पप्पा मे 2021 मध्ये कोरोनात गेले. अकरा दिवस आम्ही सगळ्यांनी, तीन चर्चच्या लोकांनी प्रार्थना केली होती. त्या गुंडाळीत 2021 चं कॅलेंडर पण होतं, मला ते उघडायचं नव्हतं पण उघडलं. मेच्या पानावर एका चौकोनात आईने लिहिलंय, "ह्यांना प्रभूने नेले." त्याच्या पुढच्या चौकोनापासून दूध अर्धा लिटर. अर्धा, अर्धा, अर्धा. आणि चौथ्या दिवशी, "शेजारून डबा आला. प्रभू धन्य."

मी आईला विचारलं, तुला लिहवलं कसं गं, प्रभू धन्य, त्या आठवड्यात? ती भांडी लावत होती, वळली पण नाही. म्हणाली, "डबा आला होता ना."

म्हणून आमच्या वहीचं शेवटचं पान उलट्या बाजूने सुरू होतं. तिथे ज्यासाठी मागितलं आणि मिळालं नाही, किंवा अजून मिळालं नाही, ते सगळं आहे. तारखेसकट. तुम्ही पण हे पान ठेवा, नाहीतर वही खोटी होते आणि एक दिवस तुमचाच तिच्यावरचा विश्वास उडेल. या पानावर कारणं लिहू नका, प्रभूने हे यासाठी केलं असेल, ते त्यासाठी केलं असेल, असं. कारण कळलं तर वेगळी गोष्ट, नाही कळलं तर जागा रिकामी राहू दे. स्तोत्र 88 सबंध असंच आहे, शेवटच्या ओवीपर्यंत अंधार आहे आणि तसंच संपतं, तरी ते स्तोत्रांमध्ये आहे आणि अख्खं देवाशी बोलणं आहे. दुःखात असलेल्या माणसाच्या हातात लगेच वही देऊ नका, त्याला आठव आठव म्हणू नका. डबा घेऊन जा.

31 डिसेंबरला वॉच नाईटला, म्हणजे चर्चमधल्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या प्रार्थनेला, निघायच्या आधी आम्ही वर्षाची सगळी वही वाचून काढली, पुढून आणि मागून. पुढच्या बाजूला 61 नोंदी झाल्या होत्या, मागे सात. मिस्टरांना आता सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्टचं काम मिळालंय, ते पुढच्या बाजूला आहे. पक्क्या नोकरीची नोंद अजून मागच्या पानावरच आहे, जूनमधली, माझ्या अक्षरात, आणि तिच्याखाली धाकटीने पेन्सिलने नवीन वर्षाची तारीख टाकून ठेवलीये, की पुढच्या वेळी वाचायला सोपं जाईल.